पूजलेलं टाकं

आमच्या गावचे पुरुष देवाला भितात की कामाला, हे मला एवढ्या वयातही कळलेलं नाही. बहुतेक कामालाच.

कुही तालुक्यातलं आमचं गाव, आणि माझं घर त्याच्या अगदी उताराला. साऱ्या गावाच्या मोऱ्यांचं पाणी नालीनं येऊन माझ्या विहिरीपाशी साचायचं. शेवटी विहिरीलाच वास यायला लागला. चहात आलं घाला, गवती चहा घाला, वास काही हटेना. लेक नागपूरला असते. ती म्हणे, आई, सोड ती विहीर, इकडं ये. लग्न होऊन आले त्या दिवशी सासूनं ज्या विहिरीवर हात धरून नेलं, ती सोडून मी तिच्या दोन खोल्यांत काय करू, सांगा.

तेवढ्यात ग्रामपंचायतीनं सांडपाण्याचा प्रकल्प आणला. विहिरीच्या अलीकडे तीन टाकी. पहिल्यात गाळ बसणार, दुसऱ्यात गिट्टीवर लावलेली कर्दळ घाण शोषणार, तिसऱ्यातून निवळलेलं पाणी नाल्याला. मला एकदा ऐकून कळलं, म्हणजे अवघड नव्हतंच.

उद्घाटनाला आमच्या शहाण्यांनी टाक्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि बोअरनं भरलेल्या टाक्यात वैनगंगेचं कळशीभर पाणी आणून ओतलं. झालं! दुसऱ्या दिवशी नाली आत सोडायची, तर सरपंच हात जोडून उभे.

"काकू, पूजा झाली ना. गंगेचं पाणी हाय त्यात. त्याच्यावर मोरीचं कसं सोडाचं? पाप लागन."

"मंग बांधलं काहून गा? पोहाले?"

"मुहूर्त पाहून राहिलो ना."

तो मुहूर्त काही सापडेना. टाक्याच्या तोंडाची लोखंडी झडप बंद, आणि नाली पहिल्यासारखी माझ्या विहिरीपाशी. टाक्यात बोअरचं पाणी, वर झेंडूच्या पाकळ्या. नागपूरहून साहेब तपासायला आले, वाकून पाहिलं. म्हणाले, "इतकं स्वच्छ पाणी मी कुठल्याच प्रकल्पात पाहिलं नाही." कसं पाहाल बाबा? आणि सरपंचांनी मान अशी डोलावली, जशी घाण ह्यांनीच गाळून काढली. दोघांच्याही नाकाला रुमाल. माझी नाली दहा पावलांवर ना! रुमाल धरून स्वच्छतेची स्तुती करणारी माणसं मी तेव्हाच पाहिली.

साहेबांची गाडी वळली तशी मी धाकट्या जावेला हाक मारली.

"चाल वं, सब्बल घे."

"सरपंच बोंबलन ना बाई."

"बोंबलू दे. पाप माह्या नावावर."

दोघींनी पहारीनं जोर लावला तशी झडप निसटून टाक्यातच पडली. मागून साबणाचा फेस, शिळी आमटी, साऱ्या गावाची मोरी आत. सरपंचांच्या घरचीही. ते धावत आले, काठावर थांबले. झडप काढायची तर छातीभर घाणीत उतरावं लागणार, हे पाहून माघारी गेले. एवढीच ती भक्ती.

विहीर आम्ही दोनदा उपसली. पावसाळा सरला आणि चहाला चहाचा वास आला. कर्दळ पुरुषभर वाढली, लालभडक. यंदा गणपतीत सरपंच स्वतः थैली घेऊन आले.

"काकू, फुलं चालन ना देवाले?"

"चालन. तुमच्याच मोरीवर वाढली हायेत."

हात आखडला. मग इकडंतिकडं पाहिलं, चांगली टपोरी पाहून तोडली, आणि जाताना माझ्या विहिरीचं तांब्याभर पाणी मागून प्यायले. गोड आहे म्हणाले.