टेकडी सोडून मैदानात

जमीन हलली तर कुठे पळायचं, हे तुम्हाला कोणी शिकवलं आहे? मला माझ्या गावानं शिकवलं होतं. त्याच शिकवणीनं माझा एक जवान मेला.

माझं गाव शिरूर अनंतपाळजवळ. त्र्याण्णवच्या भूकंपात दगडमातीच्या भिंतींखाली चुलता-चुलती गेले. अंगणात झोपलेले आम्ही वाचलो. तेव्हापासून आमचा एकच नियम: हादरा बसला की छत सोडा, मोकळं मैदान गाठा.

अकरा वर्षांनी मी लष्करात नाईक म्हणून अंदमानात, पोर्ट ब्लेअरला होतो. राजधानीचा जिल्हा, चहूकडे समुद्र. इंग्रजांनी कैद्यांच्या हातून वसवलेलं ठिकाण. साहेबांचे बंगले उंचावर. खाली, खाजणं बुजवून काढलेल्या जमिनीवर, मजुरांच्या वस्त्या. कोणाला उंची मिळाली आणि कोणाला चिखल, हाच तिथला इतिहास आणि हाच भूगोल. आमची दहा जणांची चौकी खालीच होती, मच्छीमारांच्या वस्तीला लागून.

पाचला उठणं, पीटी, चहा, हत्यारांची सफाई. नांदेडचा सिपाही शेख रफीक माझ्या हाताखाली होता. घरचा धंदा शिवणकामाचा, त्यामुळे चौकीच्या वर्द्या तोच दुरुस्त करायचा. समुद्राकडं बघून म्हणायचा, "उस्ताद, एवढं पाणी अन् पिण्यालायक थेंब न्हाई. लातूरच हाय की हे!"

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला हादरा बसला. भिंत तडकली. मी ओरडलो, "सगळे मैदानावर! वस्तीलाही आणा!" चाळीसेक माणसं किनाऱ्यालगतच्या मैदानात बसवली. हजेरी घेतली. सगळे हजर. मला समाधान वाटलं.

रफीक किनाऱ्यावरून पळत आला. "उस्ताद, पाणी लई मागं गेलंय. एक म्हातारा मच्छीमार म्हणून राहिला, टेकडीवर चला."

"टेकडीचे दगड अंगावर आले तर? इथंच बसा."

"एकदा ऐका माझं."

"तू नांदेडचा. भूकंप मी बघितलाय. हुकूम हाय."

"जी, उस्ताद."

सव्वासातला वायरलेस खरखरला. "सर्व चौक्या, पाणी आत येत आहे. उंचावर जा. ओव्हर."

मी "रॉजर" म्हणेपर्यंत मैदानात गुडघाभर पाणी होतं. टेकडी दोनशे पावलांवर. माणसं ओढत, ढकलत नेली. रफीकनं त्या म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन वर आणलं आणि मागं राहिलेल्या दोन बायांसाठी परत उतरला. पुढची लाट डोक्यावरून गेली. बाया एका झाडाला धरून वाचल्या. रफीक तिसऱ्या दिवशी सापडला.

चौकशीत 'नैसर्गिक आपत्ती' असं लिहिलं गेलं. जबाबात मी माझा हुकूम सांगितला होता. तो कागदावर उतरला नाही. म्हणून सुट्टीत नांदेडला गेलो. त्याचे अब्बा मशीनवर बसले होते. त्यांना सगळं सांगितलं.

"उसने बोला था, टेकडी पे चलो?"

"हाव, चाचा."

"तो सुन लेना था, बेटा."

आणि त्यांनी मशीन पुन्हा चालू केलं.

आज मी लातूरच्या एका क्लासमध्ये भरतीच्या पोरांना शिकवतो. राजधान्या सगळ्यांना तोंडपाठ आहेत. तिथं खालच्या अंगाला कोण राहतं, हा प्रश्न पेपरात येत नाही, म्हणून कोणी वाचत नाही. ही शिकवण मला मान्य नाही.

तुमच्या घरातलं कोणी दूर नोकरीला निघालं असेल, तर एवढं करा. पहिल्याच आठवड्यात त्याला तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला गाठायला सांगा. पाणी कुठवर चढतं, दरड कुठे घसरते, ते विचारून कागदावर लिहून दारामागं लावायला सांगा. खाली नाव घाला: सिपाही शेख रफीक, नांदेड.