पोटावरची ओल

भांडी घासणारी बाई ओळखायची असेल तर तिचे हात बघू नका, पोट बघा. निऱ्यांच्या जरा वर साडीवर वीतभर रुंदीचा ओला पट्टा असतो. उन्हाळ्यात तो वाळतो, थंडीत अंगाला चिकटून बसतो. एकोणीस वर्षं मी हा पट्टा पोटावर घेऊन फिरले. दारावर पोस्टमन आला तरी आधी पदर ओढून पोट झाकायचं आणि मग सही करायची. सिंक बनवणाऱ्यांपैकी एकाच्याही पोटावर असा पट्टा मी अजून पाहिलेला नाही, आणि माझा राग तिथूनच सुरू होतो.

मी चांदवडकडची. लहानपणी वडिलांबरोबर कांद्याच्या ट्रॉलीवर बसून बाजारात जायचे. समोरच्याने सांगितलेला पहिला भाव हा भाव नसतो, हे मी शाळेच्या आधी तिथे शिकले. लग्न करून नाशिकला, सिडकोत आले आणि अंबडच्या कारखान्यांतल्या मुलांचे डबे करायला लागले. आधी सहा डबे होते. मग वीस झाले, मग साठ. डबे वाढले तशी भांडी वाढली. पहिली काही वर्षं मोरीत उकिडवी बसून घासली, त्यात गुडघे गेले. मग ओटा झाला, ओट्यात सिंक बसलं आणि शेजारणी म्हणाल्या, सुटलीस बाई. सुटले कसली! ओटा चौतीस इंच, सिंक नऊ इंच खोल, म्हणजे तळ पंचविसावर. मी पाच फूट सहा इंच. दोन वेळा दोन-दोन तास विहिरीत वाकल्यासारखी उभी राहायचे. नळ असा आखूड की मोठं पातेलं त्याच्याखाली जायचंच नाही. ते तिरकं धरलं की पाणी काठावर आपटून थेट पोटावर यायचं. मधोमध बोटभर भोक, त्यात भाताची शितं आणि चहाचा चोथा अडकायचा, आणि मग तेलकट पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ते मोकळं करायचं.

तीन वर्षांपूर्वी स्वतःचं घर बांधायला घेतलं, तेव्हा ठरवलं होतं की सिंक माझ्या मनासारखंच होणार. मी आणि आमचे मिस्टर गंगापूर रोडच्या बाजूला एका मोठ्या दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीचा, तुळतुळीत. तो माझ्याकडे एकदाही न बघता मिस्टरांना सिंक दाखवायला लागला.

मिस्टर म्हणाले, "मला काय विचारता? मी बेसिनमध्ये चूळ भरतो, तेवढाच आमचा संबंध."

मग तो नाइलाजाने माझ्याकडे वळला. "मॅडम, हे बघा. परदेशी डिझाइन आहे."

"त्या देशात भात खातात का?"

"म्हणजे?"

"या भोकातून शितं जातील का? आणि माझं वीस लिटरचं पातेलं या नळाखाली कुठून घालू? वरून का खालून?"

तो हसला. "मॅडम, एवढं मोठं पातेलं घरात कोण वापरतं?"

"तुम्ही शेवटचं पातेलं कधी घासलं होतं?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मिस्टर नळांची किंमत वाचत लांब गेले. दुकानदार म्हणाला, "कंपनी जे पाठवते ते आम्ही विकतो. पसंत नसेल तर बनवून घ्या."

म्हटलं, बनवूनच घेते. त्याच्याकडून फक्त लांब मानेचा एक नळ घेतला. तोही अर्धा तास भांडून, आणि वर दोन वायसर फुकट.

अंबडला पत्र्याचं काम करणारा एक माणूस होता. त्याला मी वर्तमानपत्राच्या कागदावर चित्र काढून दिलं. ओट्यापेक्षा सिंक पाच इंच वर उचललेलं, म्हणजे मला वाकावं लागणार नाही. पुढचा काठ आत वळवलेला, उसळलेलं पाणी परत आतच पडेल असा. भोक मध्ये न ठेवता मागच्या कोपऱ्यात, तळ त्या कोपऱ्याकडे उतरता, आणि भोकात हाताने उचलता येईल अशी जाळीची मोठी वाटी. खरकटं वाटीत जमा होणार, वाटी डब्यात उपडी करायची, झालं. पत्रेवाला म्हणाला, "ताई, असलं पहिल्यांदाच बनवतोय." तीन वेळा पत्रा कापला, दोन वेळा मी परत पाठवला. काठाचा बाक जमेना. शेवटी घरून परात नेली आणि तिचा काठ त्याच्या डोळ्यासमोर धरला. "हा बाक बघ. आपल्या बायकांना पीठ बाहेर सांडू द्यायचं नसतं हे परात करणाऱ्याला कळलं होतं. तुला का कळत नाही?"

सिंक बसलं त्या दिवशी मी स्वतः एक पातेलं घासलं. पोट कोरडं. मिस्टरांना बोलावून पोट दाखवलं. त्यांना वाटलं काहीतरी दुखतंय.

पण तोपर्यंत भांडी मी घासत नव्हते. चार वर्षांपासून आमच्याकडे पेठकडच्या एक मावशी येत होत्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण गल्लीत सगळे मावशी म्हणतात म्हणून मीही मावशीच म्हणते. उंचीने जेमतेम माझ्या खांद्याला. बोलणं कमी, काम चोख. नव्या सिंकचं मी त्यांना मोठ्या थाटात सांगितलं. त्यांनी हात फिरवला, "लय भारी हाय, ताई," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. चार दिवसांनी पाहते तर मावशींनी घरून एक लाकडी पाट आणून सिंकपुढे ठेवला होता. मला वाटलं, फरशी गार लागत असेल. मी कौतुकच केलं, बरं केलंत म्हटलं.

काही महिन्यांनी नळ गळायला लागला. मी फोनवर इतकी बोलले की दुकानदार प्लंबर घेऊन स्वतःच आला. नळ राहिला बाजूला, हा सिंकभोवती फिरायला लागला. वाटी उचलून पाहिली, काठावर बोट फिरवलं. मावशी पाटावर उभ्या राहून घासत होत्या, त्यांना "जरा थांबा हं" म्हणून मोबाइलवर फोटो काढले. "काकू, डोकं भारी आहे तुमचं," म्हणाला. त्या दिवसापासून मॅडमची काकू झाले. मी खूश होऊन त्याला चहा पाजला. तो चहा मला आजही आठवतो. आलं घातलेला होता.

पुढच्या पावसाळ्यात मामेबहीण घरासाठी त्याच दुकानात सिंक बघायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "अगं, तुझ्यासारखंच सिंक आहे तिकडे. पाटासकट!"

मी तशीच रिक्षा करून गेले. दुकानात शिरताच समोर माझं सिंक. वळवलेला काठ, कोपऱ्यातलं भोक, जाळीची वाटी. उंचीसुद्धा तीच. खाली पॉलिश केलेला गुळगुळीत सागवानी पाट. वर पाटी: 'आमचं स्वतःचं डिझाइन. पाट मोफत.'

"हे कोणाचं?" मी विचारलं.

"आमचंच, काकू. चांगलं चाललंय."

"परात नेऊन तो बाक मी काढून घेतलाय. तू माझ्या घरी चहा पिऊन फोटो काढलेस."

"काकू, अशी सिंकं आता सगळीकडे मिळतात. कुणी कुणाचं बघून थोडंच करतं?"

मी खूप बोलले. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने पाटी काढली नाही. मला एक पैसा नको होता, फक्त पाटीवरचं 'स्वतःचं' एवढं खोडून हवं होतं. तेवढंही झालं नाही. घरी येऊन आठ दिवस मी भेटेल त्याला हेच सांगत होते. मावशींनाही सांगितलं. त्या पाटावर उभ्या राहून ऐकत होत्या.

आणि नवव्या दिवशी त्या पाटावरून घसरल्या.

ओला पाट, त्यावर साबणाचं पाणी, हातात जड कढई. मी धावत आले तेव्हा त्या खाली बसल्या होत्या आणि डावं मनगट उजव्या हाताने धरलं होतं. त्यांना उठवताना पहिल्यांदा माझं लक्ष गेलं. त्यांचं पोट कोरडं होतं, पण दोन्ही बाह्या काखेपर्यंत चिंब होत्या. पाटावर उभं राहूनही सिंक त्यांना इतकं उंच पडत होतं की हात वर करून घासावं लागायचं आणि पाणी कोपरावरून उलटं बाहीत शिरायचं. माझ्या पोटावरची ओल मी त्यांच्या काखेत नेऊन ठेवली होती.

"पाट त्याच्यासाठी आणला होता का तुम्ही?"

"मग? हात पोचंना ना, ताई."

"घरून कशाला आणला? आपल्याकडे चार पाट आहेत."

"तुमच्या जेवायच्या पाटावर पाय कसा देऊ?"

मनगटात बारीक चीर निघाली. दवाखान्यात मी डॉक्टरांशी भांडले, रिक्षावाल्याशी भांडले. घरी येऊन मिस्टरांशीही भांडले, त्यांनी तर काहीच केलं नव्हतं. सिंक करणाऱ्यांनी घासणारीला कधी विचारलं नाही, म्हणून इतकी वर्षं मी जगाला शिव्या दिल्या. मी तरी कोणाला विचारलं? घराची मालकीण पाच फूट सहा इंच, म्हणून सिंकही पाच फूट सहा इंचांचं.

मग मला दुकानातला तो गुळगुळीत पाट आठवला. माझ्या घरचा पाट निदान खडबडीत होता. असे सागवानी पाट किती घरांत गेले असतील आणि त्यांवर कोण उभं राहत असेल?

प्लास्टर सुटल्यावर मी मावशींना घेऊन दुकानात गेले. त्या नको नको म्हणत होत्या. दारात चपला काढायला लागल्या, मी म्हटलं, "घाला. हे देऊळ नाही."

दुकानदाराने मला पाहून तोंड वाकडं केलं. "काकू, पाटीवरून परत नको हं."

"पाटी ठेव तुझी. पाट काढ. या मावशी असल्याच पाटावरून पडल्यात. उंची चुकलीय या सिंकची. पाट लागतो म्हणजेच चुकलीय."

दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्याकडे बघत तो मोठ्याने म्हणाला, "पण काकू, डिझाइन तर तुमचं ना? तुम्हीच म्हणत होता. मग चूकही तुमचीच."

काय माणूस! श्रेय मागत होते तेव्हा 'सगळीकडे मिळतात', आणि चूक निघाली तशी लगेच तुमचं. माझ्या तोंडावर जे शब्द आले होते ते मी गिळले, आयुष्यात पहिल्यांदाच गिळले असतील. कारण मी नाही म्हटलं असतं तर पाट तिथेच राहिला असता.

"हो, माझी चूक," मी म्हटलं, गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं. "मी माझ्या उंचीने केलं आणि घासणारीला विचारलं नाही. आता तू तीच चूक पॉलिश करून विकू नकोस. सिंक चार इंच खाली घे."

"चार जमायचं नाही. खाली पाईप बसत नाही. दोन."

"चार."

"बरं, तीन. शेवटचं."

"चार म्हणजे चार."

तेवढ्यात मागून मावशी बोलल्या, "पाच लागतील."

मावशी सिंकपुढे जमिनीवर उभ्या राहिल्या, कोपर वाकवलं आणि तळहात हवेत धरला. "हितं आलं तर पाणी बाहीत नाय यायचं."

पुन्हा मी त्यांना न विचारताच त्यांच्या वतीने भाव करत बसले होते. माझे कान तापले. दुकानदाराने टेप काढला आणि मोजलं. पाचच भरले, वर सूतभर.

"काकू, पण घासणारी बाई दुकानात येत नाही हो. येतात ते मालक," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात विकण्याचा सूर नव्हता.

"मग मालकाला विचार, घरात भांडी कोण घासतं आणि तिचं कोपर कुठे येतं. पाट आत्ता काढ, माझ्यासमोर."

त्याने पाट उचलून काउंटरमागे ठेवला. दुसऱ्या महिन्यात मामेबहिणीने सांगितलं की आता दोन उंचीची सिंकं ठेवलीत. पाटी मात्र तशीच आहे, 'आमचं स्वतःचं डिझाइन'. त्या रस्त्याने जाताना मी अजूनही रिक्षातून तिच्याकडे रागाने बघते.

आमच्या घरी मी ओट्याचा तेवढा भाग फोडून सिंक पाच इंच खाली घेतलं. म्हणजे पुन्हा ओट्याच्या बरोबरीला आलं. मावशी सुट्टीवर असल्या की माझी कंबर मोडते. मोडू दे.

संध्याकाळी प्लंबर सिंक बसवून निघाला तशी मावशींनी पहिली कढई घासली. बाह्या कोरड्या, पोट कोरडं. मी शेजारी उभी.

"आता बरं आहे ना?"

"हाय की." जरा थांबून म्हणाल्या, "नळ थोडा उजवीकडं पायजे व्हता."

"का?"

"मी डावरी हाय ना, ताई. कढई उजव्या हातात धरते."

सहा वर्षं ही बाई माझ्या डोळ्यांसमोर भांडी घासत होती. माझा पारा चढला. "अहो, मग नळ बसवायच्या आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही उंचीचंच इचारलं व्हतं."

प्लंबर गल्लीच्या टोकापर्यंतही पोचला नसेल. मी खिडकीतून त्याला हाक मारली.