आत्ताच चहा झाला

नाना जेवायला बसले की घरातली बाई आधी पातेल्यात डोकवायची आणि मग नानांकडे बघायची. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या अनेक घरांत मी हे पाहिलं आहे. पातेलं लहान असो वा मोठं, बाईच्या चेहऱ्यावरचा भाव तोच असे. नानांना तो ओळखीचा होता. "घाबरू नका वहिनी," ते म्हणायचे, "संपलं की उठतो."

वागळे इस्टेटमध्ये पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात नाना टाइम ऑफिसला कारकून होते आणि तिथल्या कामगार संघटनेचे सरचिटणीस. राहायला डोंबिवलीत. ज्या घरात ते जन्मले तिथे चातुर्मासात कांदासुद्धा चुलीवर चढत नसे. ऐंशीच्या दशकात मी ठाण्याच्या एका दैनिकात कामगारांच्या बातम्या बघायचो. पहिल्या भेटीत मी त्यांच्याकडे मुलाखत मागितली. त्यांनी मला खाडीकाठच्या एका कोळी फिटरच्या घरी चिखलातल्या निवट्या माशांचं कालवण खायला नेलं. "आधी जेव, पत्रकार. उपाशीपोटी विचारलेले प्रश्न चिडके असतात." मुलाखत त्या दिवशी झाली नाही.

त्यांचा एक नियम होता. एखाद्या कामगाराला चार्जशीट मिळालं की त्याची बाजू मांडण्याआधी ते त्याच्या घरी जेवायला जात. कायद्यात याला आधार नव्हता. पण जेवताना माणूस खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत होतं. तोंडात घास असल्यामुळे त्याला सवड मिळत नाही. आई आजारी म्हणून रजेवर गेलेला एक हेल्पर मला आठवतो. नाना त्याच्याकडे पोटभर जेवले, दोनदा आमटी मागून घेतली आणि निघताना त्याला म्हणाले, "उद्या माफीचा अर्ज दे. तुझी आई ठणठणीत आहे आणि आमटी तिनेच केलेली आहे." पोरगं वाचलं, ताकीद मिळून सुटलं.

कल्याण पूर्वेला गौतम नावाच्या टर्नरचं घर होतं. चाळ बौद्धांची, कुटुंब मूळ महाडकडचं. तिथे नाना पहिल्यांदा गेले तेव्हा मी आणि संघटनेचा खजिनदार सोबत होतो. गौतमच्या आईने ताटं मांडली. खजिनदार दाराशीच बसून म्हणाला, "मला नको हो आई, आत्ताच चहा झाला." आईंनी एक ताट उचलून आत ठेवलं. नाना स्टोव्हजवळ पाटावर बसले, सुकटीची चटणी दोनदा मागितली आणि तिसऱ्यांदा स्वतःच्या हाताने घेतली. परत येताना त्यांनी खजिनदाराला रस्त्यातच थांबवलं.

"अरे, आपल्यात हे वाक्य चहा यायच्या आधीपासून आहे. तेव्हा आत्ताच दूध झालं म्हणत असतील. ज्याच्या घरचं पाणी प्यायचं नसतं त्याच्याकडेच माणसाचा आत्ताच चहा झालेला असतो."

"नाना, खरंच झालेला."

"मग दुसरा प्यायचा. मेला नसतास."

पुढे त्या घरात नाना बसले तो पाट पाहुण्यांना दाखवला जायचा. गौतमच्या आई चाळीत सांगायच्या, "मागून खाल्लान माणसाने. मागून." दिलेलं खाणं आणि मागून खाणं यातला फरक त्या चाळीत कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

नानांचं दुसरं हत्यार उपोषण. कॅन्टीनच्या डाळीत डाळ सापडत नाही या मुद्द्यावर ते गेटसमोर बसले होते. एरवी मधल्या सुट्टीत दोन डबे संपवणारा माणूस ताडपत्रीखाली पाण्यावर बसलेला पाहून व्यवस्थापनाला जे कळलं, ते मागण्यांच्या निवेदनातून कळलं नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी पर्सोनेल मॅनेजर स्वतः बाहेर आला. "उठा नाना. तुमच्याकडे बघवत नाही." नाना म्हणाले, "माझ्याकडे बघू नका, डाळीकडे बघा." डाळ सुधारली. उपोषण सोडायला लिंबाच्या सरबताचा पेला आणला होता. नानांनी तो बाजूला ठेवून नव्या डाळीची वाटी मागवली आणि ती पसंत पडल्यावरच मांडव सोडला.

या सगळ्याचा हिशेब शरीराने ठेवला होता. नव्वदच्या दशकात नानांचे गुडघे गेले, साखर वाढली. व्यवस्थापनाशी बोलणी चालू असताना ते बसल्या जागी घोरू लागले. समोरची मंडळी प्रथम याला डावपेच समजली. मग वहिनींनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, सूत्रं हातात घेतली. त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांच्या भावाने मुंबईतला एक सर्जन शोधला. पोटाच्या वरच्या टोकाला सिलिकॉनचा पट्टा आवळायचा, म्हणजे वर वाटीएवढी जागा उरते. ती भरली की पोट भरल्यासारखं वाटतं. पट्ट्याला जोडलेलं एक बटण कातडीखाली बसवतात. त्यात सुईने पाणी भरलं की पट्टा घट्ट होतो, काढलं की सैल. हा उपचार तेव्हा आपल्याकडे इतका नवा होता की शेजाऱ्यांना सांगूनही कळला नसता. नानांनी कुणालाच सांगितला नाही. कारखान्यात हर्नियाचं ऑपरेशन म्हणून रजा टाकली.

काही महिन्यांत नाना निम्मे दिसू लागले. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल फिरायची. केस गळले. लोक म्हणायचे, हर्निया भलताच मोठा असणार. नाना हसायचे. कुणाच्या घरी जेवायला मात्र ते जाईनासे झाले. चार्जशीटवाल्या कामगारांना घराऐवजी संघटनेच्या कचेरीत बोलावू लागले. तिथे टेबल होतं, दोन खुर्च्या होत्या, आणि कामगार तिथे सहज खोटं बोलायचे.

अशात गौतमला चार्जशीट मिळालं. आरोप सुपरवायझरला धक्का मारल्याचा. नोकरीवर बेतलं होतं. गौतमच्या आईने निरोप पाठवला की नानांनी कचेरीत बोलवायचं नाही, घरी यायचं. नाना मला म्हणाले, "चल पत्रकार. तू असलास की माझ्या ताटाकडे लक्ष कमी जाईल." मला याचा अर्थ लागला नाही.

तोच पाट मांडला होता. तांदळाची भाकरी, मटण, सुकटीची चटणी. नानांनी भाकरीचा लहानसा तुकडा मोडला आणि बराच वेळ चघळला. दुसरा घास घेतला. मग ते थांबले, छातीवर मूठ ठेवली. तोंडाला पाणी सुटल्यासारखे सारखे गिळू लागले. एकाएकी उठून मोरीत गेले. मोरीला पडदा होता, पण आवाजाला पडदा नसतो.

बाहेर आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. गौतमच्या आई तांब्या घेऊन उभ्या.

"तिखट झालं का नाना?"

"छे हो आई. फस्क्लास झालंय."

"मग बसा ना. गरम भाकरी टाकते."

"नको. खरंच नको." नानांनी इकडेतिकडे पाहिलं. कारण शोधणाऱ्या माणसाला सगळ्यात जवळचं कारण सापडतं. "आत्ताच चहा झाला."

गौतमने मान खाली घातली. त्याच्या आईने तांब्या ठेवला, ताट उचललं आणि आत नेलं. खजिनदाराचं ताटही त्यांनी असंच आत नेलं होतं.

चाळीच्या बाहेर, बंद पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर नाना बसले. शर्टाची दोन बटणं काढली आणि माझा हात धरून बरगड्यांच्या खाली ठेवला. कातडीखाली एक कडक चकती लागली.

"उभा जन्म पंपाच्या कारखान्यात गेला आणि शेवटी व्हॉल्व्ह माझ्याच पोटात बसला." मग त्यांनी सगळं सांगितलं. भाकरी उतरत नाही, भात अडकतो, मटणाचं नाव काढायचं नाही. आडवं झालं की छातीत जळतं. "श्रीखंड मात्र सुर्रकन उतरतं. आइस्क्रीम उतरतं. डॉक्टरांनी जे बंद करायला सांगितलं होतं तेवढंच उतरतं."

"मग आत जाऊन सांगा ना त्यांना," मी म्हणालो.

"काय सांगू? इथे माणसं भाकरीसाठी भांडतायत, आणि त्यांचा पुढारी जास्त जेवतो म्हणून पोटाला लगाम घालून आला? गेटवर सांगू हे?" त्यांनी बटणं लावली. "ही बातमी नाही, बरं का."

मी छापली नाही. पण चाळीला वर्तमानपत्र लागत नाही. नाना गौतमच्या घरी ओकले, ही बातमी आठवड्याभरात टिटवाळ्याला पोचली. सोबत अर्थही पोचला.

त्याच सुमारास कारखाना गुजरातेत हलवणार, अशी नोटीस लागली. कामगारांनी नानांकडे उपोषण मागितलं. नाना म्हणाले, "मी बसणार नाही." का, ते सांगितलं नाही. मी एकांतात विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "ज्याला भूकच लागत नाही त्याने उपोषण करणं ही फसवणूक आहे. मी महिनाभर बसेन रे, मला काही वाटणार नाही. तीच तर अडचण आहे." माझ्या मते व्यवस्थापनाला हा तपशील कळण्याचं कारण नव्हतं. नानांच्या मते प्रश्न व्यवस्थापनाचा नव्हता.

गेटवर बोललं जाऊ लागलं. आपल्यात जेवत नाही आणि आपल्यासाठी उपाशीही राहत नाही. नाना मॅनेजमेंटला मिळाले. इतक्या वर्षांच्या कमाईचा निकाल दोन वाक्यांत लागला होता, आणि त्यांतलं पहिलं वाक्य खरं होतं.

द्वारसभा संध्याकाळची, शिफ्ट सुटताना होती. बायकाही आल्या होत्या. गौतमच्या आई पुढेच, फाटकाच्या खांबाला टेकून. नानांनी कारखाना हलवण्याविरुद्ध मुद्दे मांडायला सुरुवात केली. मागून कोणीतरी ओरडलं, "ते राहू द्या नाना! गौतमच्या घरी काय झालं ते सांगा!"

"चहा झाला होता त्यांचा!" दुसरा म्हणाला. हशा पिकला. तो नेहमीचा हशा नव्हता.

नानांनी मुद्द्यांचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग त्यांनी शर्ट वर केला. वजन उतरल्यावर कातडी लोंबते. ती सगळ्या गेटने पाहिली.

"हर्निया नव्हता," ते म्हणाले. "पोटाला पट्टा घातलाय. इथे, हे बघा, व्हॉल्व्ह आहे. बायकोने सांगितलं म्हणून घातला, असं म्हणणार होतो, पण मरायची भीती मलाच वाटलेली. आता घास उतरत नाही. गौतमच्या घरी उतरला नाही, माझ्या घरीही उतरत नाही. आणि लाज वाटली म्हणून त्या माउलीला मी जे बोललो, ते बोलणाऱ्याला मी एकदा भर रस्त्यात झापलेला." खजिनदार शेजारीच उभा होता. त्याने बुटांकडे पाहिलं.

कुणीतरी हसलं; मग हसू थांबलं. नाना शर्ट खाली करायचा विसरले होते. गौतमच्या आई खांब सोडून पुढे आल्या.

"मग त्याच दिवशी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. आवाजात राग होता. "पेज केली असती."

सभा पुढे तासभर चालली, पण माझ्या वहीत त्यानंतरचं फारसं काही नाही.

त्यानंतर नाना चौकशीच्या तयारीसाठी गौतमच्या घरी जात आणि पाटावर बसून पेज पीत. पेजेत सुकटीचा नुसता वास असे. गौतम कामावर परतला. कारखाना मात्र पुढे गेलाच. यात पेजेचा किंवा भाषणाचा काही दोष नव्हता. त्या वर्षांत इस्टेटमधले बरेच कारखाने गेले.

पट्टाही राहिला नाही. तो जागेवरून घसरला आणि पाण्याचा घोटसुद्धा उतरेनासा झाला, तेव्हा घाईने दुसरं ऑपरेशन करून काढावा लागला. वजन हळूहळू परत आलं. पूर्वीचं जेवण आलं नाही. दोन घासांनंतर नाना थांबायचे आणि उतरला का, याचा अंदाज घ्यायचे. ही सवय पट्ट्याबरोबर निघाली नाही. वहिनी त्यांच्यासमोर जेवायच्या नाहीत, ओट्याशी उभ्या उभ्या उरकायच्या. मला एकदा म्हणाल्या, "हे जगावेत म्हणून मी हे केलं. ते जगले. पण मी ज्यांना वाढायचे, ते कुठे गेले कळत नाही."

काही वर्षांनी नाना झोपेतच गेले. दिवसकार्य झाल्यावर मी वहिनींना भेटायला निघालो. डोंबिवली स्टेशनच्या बाहेर गौतमच्या आई भेटल्या; त्याही तिकडेच चालल्या होत्या. थकल्या होत्या, म्हणून आम्ही टपरीवर थांबून चहा घेतला. त्यांनी दोन कप घेतले.

घरी वहिनी एकट्याच होत्या. गौतमच्या आई त्या घरात पहिल्यांदाच येत होत्या. कुठे बसावं हे ठरेना, तेव्हा वहिनींनी हाताला धरून त्यांना नानांच्या खुर्चीवर बसवलं.  मग वहिनी उठल्या आणि पदराला हात पुसत विचारलं, "थोडा चहा टाकू?"

गौतमच्या आईने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"टाका की," त्या म्हणाल्या. "सकाळपासून घेतलेला नाही."