अर्लचं वजन

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. मीनाजवळसुद्धा नाही — आणि मीना माझी बायको. हे घडलं तेव्हा ती माझ्यापासून वीस पावलांवर, घडीच्या टेबलापाशी बटाटेवडे वाटत उभी होती. तिच्या आठवणीत तो दिवस फार छान आहे. दरवर्षी कुणाला ना कुणाला ती तो सांगते, आणि मी शेजारी बसून मान हलवतो.

ऐंशीच्या दशकातले ते उन्हाळे आठवले की अजूनही बरं वाटतं, हे आधी कबूल करतो. आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला राहायचो. मी एका मोटारींच्या कंपनीत होतो. गाडीच्या प्रत्येक भागातून चार-दोन औंस कमी कसे करायचे, एवढंच माझं काम. शेजारी वॉल्ट राहायचा. व्हिएतनाममध्ये त्याने हेलिकॉप्टर चालवलं होतं. त्याने आणि त्याच्या दहाबारा मित्रांनी भंगारात निघालेलं एक ह्यूई — तिकडच्या युद्धातलं ते हिरवं, लांब शेपटीचं हेलिकॉप्टर — मिळवलं होतं आणि गावाबाहेरच्या एका छोट्या विमानतळावर चार हिवाळे खपून उभं केलं होतं. मी एकदा बघायला म्हणून गेलो आणि तिथलाच झालो. वजनाचं काम मला येतं म्हटल्यावर त्यांनी वजनाचा तक्ता माझ्या हातात दिला. कोण किती पौंडांचा, इंधन किती, हवा किती तापली आहे (तापल्या हवेत मशीन कमी वजन उचलतं), ते उचलेल की नाही — हे मी सांगायचं. त्यात माझा शब्द शेवटचा. वॉल्टसुद्धा उलट विचारत नसे.

उन्हाळाभर आम्ही जत्रांना, विमानांच्या प्रदर्शनांना जायचो. तो आवाज तुम्ही ऐकलाय का? कानांच्या आधी छातीत लागायचा. लिंबूसरबताच्या गाडीपाशी हसतखिदळत उभी असलेली चाळिशीची माणसं एकदम गप्प व्हायची आणि आभाळात शोधायला लागायची. केरोसीनचा तो वास, वाऱ्याने झोपलेलं गवत, मीनाच्या लिंबाच्या लोणच्याची बाटली मांडीवर घेऊन सँडविचला फासत बसलेला वॉल्ट... मी परदेशात आहे हे त्या मैदानावर मला कधी जाणवलं नाही.

मात्र एक नियम होता. हौशी लोकांना न्यायचं नाही. आत सहा पट्टे, म्हणजे सहा माणसं — आणि ती सहाही त्या युद्धात ह्यूईत बसलेली हवीत. अशी माणसं पत्रं पाठवायची. उत्तरं मी टाइप करायचो. ‘अमुक तारखेला या, तुमची जागा ठेवली आहे.’ हे मी लिहायचो. माझ्या सहीने.

दुसरीकडेही पत्रं जायची — इस्लामपूरला, अण्णांना. अण्णा माझे वडील, बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. त्यांना मी लिहायचो, ‘रविवारी आम्ही हेलिकॉप्टर उडवलं.’ आम्ही! मी खाली कागद घेऊन उभा असायचो हे लिहायचं राहून जायचं. राहून जायचं — बघा, अजूनही कसं लिहितो. मी लिहीत नव्हतो.

मग अण्णा चार महिन्यांसाठी आले. ते आल्या आल्या सगळं कळलं त्यांना. माणूस ओव्हरसियर होता, कोण काम करतो आणि कोण उभा राहतो हे त्यांना लांबूनच दिसायचं. रागावले नाहीत. पण मराठी मंडळाच्या पिकनिकला कुणीतरी विचारलं, “काय काका, बसलात की नाही मुलाच्या हेलिकॉप्टरमध्ये?”

“छे हो,” अण्णा म्हणाले, “आमचे चिरंजीव ते खाली उभे राहून उडवतात.”

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य मला लागलं. आतपर्यंत लागलं.

अण्णा परत जायच्या आधीचा शेवटचा कार्यक्रम ऑगस्टमधल्या एका शनिवारी होता. भयंकर उकडत होतं. अण्णा कोट घालून, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून आले होते. शेवटची फेरी उरली होती, आणि यादीत सहा नावं. सहावं नाव अर्लचं.

अर्ल मिशिगनच्या पार वरच्या टोकाहून, मोठा पूल ओलांडून, आठ तास गाडी चालवत आला होता. माझ्याच वयाचा, पण दाराएवढा माणूस. युद्धात तो ह्यूईची देखभाल करायचा आणि उडताना दारात बसायचा. माझं पत्र त्याने घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं होतं. मी त्याला काट्यावर उभं केलं. दोनशे चाळीस पौंड. मी ते लिहिलं, बेरीज केली. मशीनने अजून चारशे पौंड सहज उचलले असते.

आणि मी मागे वळून पाहिलं तर अण्णा हात पाठीमागे बांधून माझ्याकडे बघत होते. तेवढंच. ते काही बोलले नव्हते. त्यांनी मागितलं नव्हतं. मीनाने सकाळी म्हटलं होतं, “अहो, जमलं तर अण्णांना बसवा ना.” मी नाही म्हटलं होतं. हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी की कुणी माझ्याकडून काही करवून घेतलं, असं तुम्हाला वाटू नये.

मी अर्लला म्हणालो, “सॉरी. हवा फार तापली आहे. तुमचं वजन बसत नाही. कुणीतरी हलकं घ्यावं लागेल.”

तो भांडेल असं मला वाटलं होतं. कागद मागेल, बेरीज बघेल. त्याला ती कळली असती! मी कागद छातीशी धरून उभा होतो. पण त्याने फक्त एकदा आभाळाकडे पाहिलं, टोपीने मान पुसली आणि म्हणाला, “कळतं मला. मीही केलंय हे काम. तू उतर, तू उतर — पोरांकडे बोट दाखवून सांगायचो. ते सांगणं सोपं नसतं. तू वाईट वाटून घेऊ नकोस, दोस्त.”

माझं सांत्वन केलं त्याने. माझं.

तेव्हा तोंड उघडता आलं असतं ना? पंखा अजून फिरायलाही लागला नव्हता. एक जागा रिकामी आहे, एवढंच मी वॉल्टला सांगितलं आणि अण्णांना हाक मारली. ‘एकशे अठरा’ असं मोठ्याने, अर्लला ऐकू जाईल असं म्हणालो. अण्णांना पट्टा लावता येईना. मी पुढे व्हायच्या आत अर्ल वाकला, दोन्ही पट्टे ओढून नीट बसवले, बोट घालून ताण तपासला आणि अण्णांच्या गुडघ्यावर थोपटलं. अण्णा म्हणाले, “थँक यू, सर.” मग अर्ल मागे येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. हेलिकॉप्टर उठलं, शेतांवरून वळलं. बारा मिनिटं आम्ही दोघं तिथे उभे होतो. तो आवाजावरून मला सांगत होता, आता वॉल्ट वळतोय, आता खाली घेतोय. त्याने डोळे मिटले होते.

अण्णा उतरले तेव्हा त्यांचे केस उभे राहिले होते आणि चेहरा लहान मुलासारखा झाला होता. माझ्या दंडावर हात ठेवून ते म्हणाले, “शाब्बास रे.” जन्मात पहिल्यांदा. पुढे इस्लामपुरात त्यांनी ती फेरी हजार वेळा सांगितली असेल. दोन वर्षांनी गेले. ते ‘शाब्बास’ मला अजूनही गोड लागतं. लपवत नाही. कुणाच्या जागेवरून ते मिळालं हे ठाऊक असूनही गोड लागतं.

एवढंच असतं तर कदाचित मी लिहिलंही नसतं. एका क्षणाची चूक म्हणून गाडून टाकलं असतं.

निघताना मी अर्लला म्हटलं होतं, “पुढच्या वर्षी नक्की.” पुढच्या वसंतात त्याचं कार्ड आलं. ‘२२१ झालोय. जागा होईल का?’ त्याला बोलावलं, तर तो वॉल्टशी बोलणार. गेल्या वेळी वजन बसलं नाही, म्हणणार. वॉल्ट माझ्याकडे बघणार. वॉल्टने दोनशे सत्तर पौंडांची माणसं त्याहून कडक उन्हात नेली होती. मी उत्तर दिलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरं कार्ड — ‘२०५. बायको म्हणते आता पुरे.’ तेही मी ड्रॉवरमध्ये टाकलं.

तिसरं आलं त्या वर्षी क्लब मोडायला आला होता. ह्यूई विकायचं ठरलं होतं, लोकांची पत्रंही कमी झाली होती. कार्डावर तेच मोठं, तिरकं अक्षर. ‘१९४. शाळा सोडल्यापासून इतका हलका कधी नव्हतो. उन्हातसुद्धा चालेल ना आता?’

मी उत्तर दिलं नाही. त्या उन्हाळ्यातल्या शेवटच्या फेरीला यादीत पाचच नावं होती.