यंत्रात आलेले हसू

अर्जुनी मोरगावच्या तहसिलीसमोर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. शिक्षण नववीपर्यंतच असले, तरी माझ्या मसुद्यात खाडाखोड करण्याचे धाडस आजवर कोणी केलेले नाही. असा मी, स्वतःच्या घरात मात्र संशयित ठरलो होतो.

आमचे वडील उतारवयाआधीच बदलले. भलत्या वेळी हसू लागले, दुसऱ्याच्या ताटातले उचलू लागले. गावाने बाहेरची बाधा म्हटले. पुढे थोरल्या भावाचेही तेच झाले, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी मेंदूची चित्रे काढून सांगितले की, पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग आकसतो आहे व हा रोग बापाकडून लेकरांत उतरू शकतो. तेव्हापासून पत्नी माझ्या प्रत्येक हसण्यावर नजर ठेवू लागली.

"काऊन हासून रायले?"

"विनोद झाला म्हणून."

"मले तं नाई आलं हासू."

अखेर माझेही चित्र काढावे, असे मीच ठरविले. भावाच्या तपासणीसोबत माझ्याही तपासणीची वेळ ठरली. यंत्रात निजविताना तिथल्या बाईंनी डोके न हलविण्याची ताकीद दिली. यंत्र धडधडू लागले आणि मला आमच्या भातगिरणीची आठवण झाली. आपण धान आहोत आणि कोंडा निघेपर्यंत सुटका नाही, असे वाटून हसू फुटले. हे हसू माझे की रोगाचे? या प्रश्नानेही हसूच आले.

बाईंनी बाहेर जाऊन पत्नीला सांगितले, "परत काढावं लागेल."

पत्नी बाकावरून उठली. "कायले?"

"हसत होते."

हे ऐकून तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या खेपेस मी मनातल्या मनात जमीन मोजणीचा अर्ज रचीत निश्चल पडून राहिलो.

"आज तरी काही आकसलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "पण हे चित्र आजचं आहे, उद्याची हमी नाही. वर्षभरानं या."

परतताना गोंदियाला गाडी बदलायची होती. फलाटावर जिलेबी घेतली. मी हसत दुसरी उचलली, पत्नीने पाहिले.

"म्हणजे तुम्ही पयलेपासूनच असे."

"जन्मापासून."

तेवढ्यात भावाने तिच्या हातातली जिलेबी अलगद उचलून तोंडात टाकली आणि खदखदा हसला. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, जिने आजवर पदर ढळू दिला नव्हता, ती आधी पदराआड हसली आणि मग पदर सोडून हसली. समोरच्या बाकावरचे गृहस्थ आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. आमच्यातला रोगी कोण, हे त्यांना शेवटपर्यंत ठरविता आले नसावे.