अठ्ठेचाळीस बिलांची प्रदक्षिणा

मुंबईत राहिल्या-जेवल्याची अठ्ठेचाळीस बिलं मी लॅमिनेट करून घेतली आणि ती सगळीच्या सगळी काळी झाली.

आमच्या सांगलीच्या घरात लॅमिनेशन हा कुळाचार आहे. रेशनकार्ड, गुणपत्रिका, लग्नाची पत्रिका, इतकंच काय, आईच्या हातचं पुरणाचं प्रमाण लिहिलेला कागदही आम्ही प्लॅस्टिकमध्ये घातलेला आहे. त्यामुळे यंत्रातून कुरकुरत निघणाऱ्या त्या गुळगुळीत बिलांवरची शाई महिन्याभरात उडून जाते असं कोणीतरी सांगितल्यावर मला दुसरं काही सुचलंच नाही. घाटकोपरच्या लॉजखाली एक झेरॉक्सवाला होता. त्याच्या हाती गठ्ठा देऊन मी पाणीपुरी खायला गेलो. परत आलो तर काउंटरवर अठ्ठेचाळीस काळे कुळकुळीत पत्ते रचून ठेवलेले. तो कागद उष्णतेनं काळा पडतो, हे मला त्या क्षणी कळलं.

पहिलंच काळं झालं तेव्हा थांबायचं नाही का, असं मी त्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "तुम्हीच बोललात ना, सगळी करा. मला वाटलं, तुम्हाला असंच पाहिजे." आणि अठ्ठेचाळिसांचे पैसे घेतले.

आता यात काय अडकलं होतं ते सांगतो. विक्रोळीच्या एका जुन्या कारखान्यात विजेची पॅनेलं बदलायचं तीन महिन्यांचं कंत्राटी काम मी घेतलं होतं. ज्या कंपनीनं ते दिलं तिचं ऑफिस मुलुंडला. परगावच्या माणसाचा राहण्या-जेवणाचा खर्च कंपनी देणार, पण काम संपल्यावर आणि बिलं दाखवल्यावर. तोवर आपल्या खिशातून. माझ्या खिशात होते ते बायकोचे, सुनंदाचे. शिकवण्या घेऊन तिनं लाल स्कूटरसाठी साठवलेले. "पाडव्याला गाडी दारात पाहिजे," एवढीच अट घालून तिनं ते दिले होते. कंपनीशी सगळा पत्रव्यवहारही तिच्याच ईमेलवरून, कारण स्वतःचे पासवर्ड मी विसरतो. आणि पाडवा आठवड्यावर आला होता.

गुरुवारी सकाळी मुलुंडच्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या परब मॅडमपुढे मी तो काळा गठ्ठा ठेवला. त्यांनी एक पत्ता उचलून ट्यूबलाइटसमोर धरला.

"कोणाच्या फुप्फुसांचा एक्स-रे हा?"

मी सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, ही त्यांची थोरवी. उद्या संध्याकाळी पाचला फाइल बंद होते, म्हणाल्या. जिथं जिथं राहिलात-जेवलात तिथं जा, नवीन बिल लिहून सही घेऊन या. पाच म्हणजे पाच. सव्वापाचची त्यांची रिक्षा ठरलेली असते.

अशा रीतीनं, तीन महिने ज्या उपनगरांत मी नुसता कामाला जात-येत होतो, त्यांची यात्रा मला दीड दिवसात घडली.

घाटकोपरचा लॉज सोपा होता. मॅनेजरनं संगणकातून सगळं पुन्हा छापून दिलं आणि वर, "लॅमिनेट करू का?" असं विचारलं. बातमी जिन्यानं वर पोचली होती.

तिथून विक्रोळीला तात्यांची खानावळ. तात्या मूळचे मालवणकडचे. गिरणी बंद पडल्यावर भावाच्या जागेत त्यांनी चार टेबलं टाकली. कारखान्याच्या भिंतीला लागून खारफुटी आहे, तिच्यावरून येणारा वारा आणि तात्यांच्या उसळीची फोडणी यांचा मिळून एक वास दुपारी साडेबाराला गल्लीत उभा असतो. मी डोळे मिटूनही ती खानावळ शोधली असती. तात्यांचं यंत्र बिल छापतं, पण त्यांचा यंत्रावर विश्वास नाही. ते वहीतही लिहितात. मला बघून म्हणाले, "काय रे झिला (पोरा), निघालंस म्हणान मी काल तुझो पाट दुसऱ्याक दिलंय." मग वही काढली. माझं नाव त्यांनी तीन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. वहीत मी 'सांगली, जास्त भात' या नावानं होतो. त्या नावावरच त्यांनी बिल केलं, सही ठोकली आणि शेवटचं म्हणून जेवायला घातलं. त्याचं बिल मात्र दिलं नाही. ते जेवण कंपनीचं नाही, माझं आहे, म्हणाले.

राहिली वर्सोव्याची हिरूमावशी. हेच माझं नाजूक प्रकरण.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. पहिल्याच शनिवारी मी घाटकोपरहून मेट्रोनं वर्सोव्याला गेलो, समुद्र बघायला म्हणून. समुद्र राहिला बाजूला, कोळीवाड्यात हिरूमावशीच्या ओट्यावर सुरमईची थाळी दिसली. सांगलीच्या माणसाला मासे म्हणजे नदीतले, काट्यांत अधूनमधून मांस असलेले. मावशीच्या सुरमईनं माझा धर्मच बदलला. दर शनिवारी मी तिथं. घरी मात्र फोनवर, जेवण कसलं, दिवस काढतोय, असं सांगायचो. बायकोच्या पैशानं जेवणाऱ्या माणसानं फार खूश दिसू नये.

त्यातला एक शनिवार संकष्टी चतुर्थीचा निघाला. लग्नापासून आम्ही दोघं संकष्टी करतो. चंद्र दिसल्याशिवाय ती पाणीही बेतानं पिते. त्या संध्याकाळी आठला तिचा फोन आला, चंद्रोदयाची वेळ सांगायला. माझ्या तोंडात घास होता. "काही खाल्लं नाहीत ना?" तिनं विचारलं. "नुसतं पाणी पितोय," मी म्हणालो आणि पुरावा म्हणून सोलकढीचा घोट आवाज करत घेतला. समोर मावशी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं आणि थापत राहिली.

शुक्रवारी सकाळी मी वर्सोव्याला पोचलो. बांबूंवर बोंबील ओळीनं लटकत होते, खाडीच्या कडेला होड्या कलंडून पडल्या होत्या, आणि मावशीच्या ओट्याला कुलूप. शेजारणीनं सांगितलं की भाचीची हळद आहे, मावशी माहेरी गेली, मनोरीला.

घड्याळात साडेनऊ. मी तरीत बसलो. वर्सोव्याहून मढला जाणाऱ्या त्या बोटीत माणसं, मोटरसायकली आणि मासळीच्या टोपल्या एकाच तिकिटाच्या तोऱ्यात उभ्या असतात. पलीकडे उतरलं की मुंबई अचानक आवाज खाली करते. मढहून मार्वेची बस नारळीतून आणि छोट्या छोट्या क्रुसांवरून वळत वळत जाते. खिडकीशी बसून मी इतका रमलो की मार्वेचा थांबा चुकवला आणि अर्धा मैल उलटा चालत आलो. मार्वेला ओहोटी लागली होती. बोट थोडी दूर उभी होती. लोक चपला हातात घेऊन चिखलातून जात होते. मी सांगलीचा, कृष्णेचा चिखल कोळून प्यायलेला. पायात ठेवूनच गेलो. डावी चप्पल खाडीनं ठेवून घेतली. काढायला वाकलो तर तांडेल (नाखवा) बोटीवरून म्हणाला, "राहू दे शेठ, दुसरी पण टाक. जोडी तरी होईल कोणाची."

अशा रीतीनं एक पाय अनवाणी, एक चपलेत, असा मी मनोरीला मंडपात शिरलो. दारात हळद वाटली जात होती, चुलीवर कोळंबी रटरटत होती, म्हाताऱ्या बायका हिरवी लुगडी नेसून गाणी म्हणत होत्या. मावशीनं मला ओळखलं, माझ्या पायाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

मी घाईघाईनं बिलांचं सांगू लागलो. "पयले जेव, मंग बोल," ती म्हणाली. पाचची वेळ सांगितली, तर तांदळाच्या दोन भाकऱ्या जास्त आल्या. जेवताना कोणीतरी माझ्या गालांना हळद फासली. हे सगळं मी नाइलाजानं सहन केलं असं लिहिणार होतो, पण आता तुमच्याशी खोटं बोलण्यात अर्थ नाही.

तिचं बिलाचं यंत्र मागच्याच आठवड्यात मासळीच्या पाण्यात पडलं होतं. "काय हरकत नाय. मना सगलं याद हाय. लिव." आणि तिनं सुरू केलं. बारा शनिवार, तिला बाराही पाठ. कुठल्या शनिवारी बोंबील, कुठल्या शनिवारी मी काटा अडकून रडवेला झालो आणि तिनं भाताचा गोळा गिळायला लावला, सगळं. मी लिहीत गेलो. चतुर्थीचा शनिवार आला तेव्हा मी लेखणी थांबवली.

"मावशी, इथं नुसतं थाळी लिहू या ना. नाहीतर भाजी."

"भाजी?" तिनं हातातलं वाटण खाली ठेवलं. "सुरमईला भाजी म्हनू? घरात हलद हाय. आजचे दिसा मी खोट्यावर सही नाय करनार. जसा झाला तसा लिव. बायकोचा फोन पन लिव."

भोवतालच्या सगळ्या बायका गाणं थांबवून माझ्याकडे बघू लागल्या. यंत्राचं बिल नुसतं 'थाळी' म्हणून गप्प बसायचं, हे मला तेव्हा फार तीव्रतेनं आठवलं. पण बघणार कोण, एक परब मॅडम. मी जसं झालं तसं लिहिलं. मावशीनं हळदीच्या बोटांनी सही केली आणि निघताना जावयाचे गमबूट मला दिले.

मनोरीहून रिक्षानं गोराई, गोराईहून बोटीनं बोरिवली, बोरिवलीहून पुन्हा रिक्षा. रिक्षावाल्यानं आरशात माझे पिवळे गाल बघितले, खाली गमबूट बघितले आणि विचारलं, नवरदेव तुम्हीच का? पवईच्या तलावाजवळ गाड्या तुंबल्या. तलावावर ऊन पडलं होतं, बगळे बसले होते, आणि मी लाल स्कूटरचा विचार करत होतो. पाचला सात मिनिटं असताना मी मुलुंडचा जिना त्या गमबुटांत धाड धाड चढलो.

परब मॅडम पर्स खांद्याला लावत होत्या. त्यांनी कागद घेतला. "आधी काळी, आता पिवळी," म्हणाल्या आणि वाचू लागल्या. मग पर्स खाली ठेवली आणि मोठ्यानं वाचू लागल्या: "चतुर्थीच्या शनिवारी सुरमई थाळी दोन, सोलकढी तीन वाट्या. बायकोचा फोन आला तेव्हा नुसतं पाणी पितोय म्हणाला." ऑफिसात टायपिंग थांबलं. "हे शेवटचं कुठल्या रकान्यात टाकू?"

मी गालावरची हळद पुसू लागलो.

"मंजूर," त्या म्हणाल्या. "स्वतःविरुद्ध इतकं खोटं कोणी लिहून आणत नाही." त्यांनी शिक्का मारला, सगळं स्कॅन केलं, आणि प्रत तुमच्या ईमेलवर पाठवते म्हणाल्या. मी आनंदानं मान डोलावली. पाठवा पाठवा, असंही म्हणालो.

सांगलीच्या एसटीत बसल्यावर गमबूट मांडीवर घेऊन मी हसत होतो. बिलं काळी झाली नसती तर मी गुरुवारीच घरी पोचलो असतो, आणि तात्यांना, मावशीला न भेटता आलो असतो. तीन महिने ज्यांनी जेवू घातलं त्यांचा निरोप घ्यायला मला एका झेरॉक्सवाल्यानं पाठवलं. हा खर्च कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि तो मला परतही नको.

पैसे पाडव्याच्या दोन दिवस आधी आले. स्कूटर दारात उभी राहिली, लाल, हँडलला झेंडूचा हार. सुनंदानं गुढीला नमस्कार केला, स्कूटरला केला, आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला, पुरणाच्या प्रमाणाखाली, एक नवा कागद लॅमिनेट करून टांगला होता. साध्या कागदावर छापलेला, त्यामुळे काळा झाला नव्हता. हळदीच्या बोटांचे ठसेसुद्धा स्वच्छ दिसत होते.

मी तो दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, पण वर बघायची हिंमत होत नव्हती.

"खोटं बोलता, ते तरी धड बोला," सुनंदा किल्ली फिरवत म्हणाली. "त्याचंही सही-शिक्क्याचं बिल घेऊन आलात."