आतोबांनी काढलेला डोंगर

आमच्या आतोबांइतका गोड खोटारडा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि गंमत म्हणजे तोंडाने ते एक शब्दही खोटा बोलत नसत. खोटं असेल ते सगळं कागदावर. आत्याचे हे यजमान लढाईच्या काळात नगरला सरकारी प्रचाराच्या कचेरीत नकाशे रंगवायला होते. बाजारात टांगायच्या त्या नकाशांत आपल्या फौजेचे बाण केळीच्या खांबाएवढे जाड आणि जपान्यांचे दोऱ्याएवढे. लढाई संपली, नोकरी गेली, पण हात काही सुधारला नाही. कुणी घराचा रस्ता विचारला तर लगेच काढून देत. त्यात त्यांचं दोन खोल्यांचं घर किल्ल्याहून मोठं, आणि शेजारच्या भांडकुदळ भावाच्या घराच्या जागी चक्क विहीर! एक बिचारा पाहुणा ती विहीर शोधत तासभर फिरला. कुणी हटकलंच तर म्हणत, "नकाशा म्हंजे वकील. साक्षीदार न्हवं."

हा वकील एकदा माझ्या लग्नासाठी उभा राहिला. अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. आमचं गाव जामखेड तालुक्यात, निजामाच्या हद्दीपासून मैलभर. पलीकडे जाळपोळ चाललेली, माणसं बिऱ्हाडं उचलून अलीकडे येत होती, आणि आमच्या गावात मुलगी द्यायला कुणी धजत नव्हतं. शेवटी अकोले तालुक्यातल्या एका घरी बोलणी निघाली, आणि आतोबा मला घेऊन मुलगी बघायला गेले. मुलीने मान वर करून, प्रवास फार लांबचा झाला का, एवढंच विचारलं आणि मी, खरं सांगतो, तिथंच खलास झालो. मग तिच्या वडिलांनी हद्दीचा विषय काढला. आतोबांनी शांतपणे नकाशा उलगडला. आमचं गाव नगरच्या कुशीत, हद्द पार कागदाच्या काठाला, आणि मधे हा लांबलचक डोंगर. अहो, आमच्या गावाच्या उगवतीला साधं टेकाडसुद्धा नाही! वडील वाकून त्या डोंगरावरून बोट फिरवत राहिले. बोलावं तर लग्न जातं, गप्प राहावं तर ह्या पोरीला मी कुठं नेतोय? मी गप्प राहिलो. त्याची मला आजही लाज वाटते. सुपारी फुटायला एका शब्दाचा अवकाश होता. वडिलांनी चष्मा काढला.

"पाव्हणं, एकुलती एक पोर हाय माजी. तुमची असती तर दिली असती का?"

आतोबांनी खिशातली पेन्सिल काढून डोंगरावर काट मारली आणि आमच्या गावाला खेटून हद्दीची रेघ ओढली.

"मैलभर," ते म्हणाले. "न्हाई दिली असती."

लग्न मोडलं. परतीच्या वाटेवर मी त्यांना नाही नाही ते बोललो, आणि मग कित्येक महिने बोललोच नाही. आत्याचे निरोप आले, तरी मी ढिम्म. पावसाळा सरता सरता निजामाचा अंमल संपला, पलीकडची माणसं आपापल्या घरी परतली. दिवाळीच्या सुमाराला आतोबा अचानक दारात उभे. पाय धुळीने माखलेले, बगलेत कागदाची गुंडाळी. मला पत्ता लागू न देता नवा नकाशा घेऊन अकोल्याला जाऊन आले होते! मुलीचं लग्न ज्येष्ठातच होऊन गेलेलं. तिच्या वडिलांनी आग्रहाने जेवू घातलं, पण गुंडाळी उघडून दाखवा असं काही कुणी म्हणालं नाही.

"आता भ्यायचं कारान न्हाई, म्हनून खरं हुतं तसंच काढलं," ते पुटपुटले. "उशीर झाला रे."

मला भडभडून आलं. त्यांना ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि तो नकाशा मांडीवर उघडून कोपरान्‌कोपरा बघितला. डोंगर नव्हता. हद्द मैलभरावर होती. आमचं गाव अगदी होतं तिथंच होतं.